भट्टीवाल्याची निळी काच

मित्रांनो, मला डोळ्यापुढे धरून तुम्ही एकमेकांकडे पाहिलंत तर तुम्हाला अंधुक निळ्याशिवाय काही दिसणार नाही आणि तुम्ही मला लगेच खाली ठेवाल. माणसांकडे पाहण्यासाठी मी नाहीच. मी आगीकडे पाहण्याची काच आहे. आता म्हातारी झाले आहे, एक कोपरा उडालेला आहे. भिलाईतल्या कोहका वस्तीत, एका घरात, स्वयंपाकघरातल्या फळीवर हळदीच्या डब्यामागे मी पडून असते. माझी गोष्ट गोड नाही. तरी ती मला सांगायची आहे.

मी कुठल्या गावात तयार झाले ते मला ठाऊक नाही. वितळत्या काचेत निळा रंग मिसळला, तक्ता थंड केला आणि त्याचे चौकोनी तुकडे पाडले, एवढंच आठवतं. भुशात बांधून आम्ही भिलाईच्या पोलाद कारखान्यात आलो. इथे त्याला कोणी कारखाना म्हणत नाही, सगळे प्लांट म्हणतात. प्लांटच्या सुताराने मला लाकडी चौकट केली, धरायला आखूड दांडी लावली आणि स्टोअरमधून मी भट्टीवर काम करणाऱ्या श्यामरावांच्या हातात गेले.

पेटलेल्या भट्टीच्या तोंडात उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर नुसता झगझगाट दिसतो. माझ्यातून पाहिलं की तो झगझगाट शांत होतो. ज्योत कुठून निघते, विटा कशा तापल्यात, लोखंड आतपर्यंत लाल झालं की नाही, हे सगळं कळतं. श्यामराव दिवसातून कितीतरी वेळा मला डोळ्याला लावायचे. त्यांच्या कपाळाचा घाम माझ्या चौकटीत मुरला आहे.

त्यांच्या पत्नी कलावतीबाई. त्यांनी जुन्या हिरव्या पातळाच्या काठाची माझ्यासाठी पिशवी शिवली. एकदा अंगणात कोळशाची सिगडी पेटलेली होती. कलावतीबाईंनी मला हातात घेतलं.

"पाहू द्या बरं मले. रोज काय पाहता त्याच्यात?" त्यांनी मला सिगडीवर धरलं. "अहो, निखारे तं जांभळे दिसून राहिले!"

मग त्यांनी मला श्यामरावांकडे वळवलं. "तुम्ही तं दिसतच नाही."

"मी काय पेटलेला आहे?"

"कधी कधी असता," असं म्हणून त्या हसल्या. त्यांची लहान मुलगी नूतनही हसली. एवढ्या वर्षांत माझ्यातून माणसाकडे पाहिलेलं ते एकदाच.

आता एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. श्यामरावांच्या टोळीत नवी भट्टी पेटवताना पूजा व्हायची, नारळ फुटायचा आणि एक जण तेलात भिजवलेल्या चिंध्यांची मशाल भट्टीत सरकवायचा. ज्याच्या हातची मशाल, त्याने पहिला लाल तुकडा बाहेर येईपर्यंत ती भट्टी सोडायची नाही. घरी लग्न असो की आजारपण, त्याला निरोपही द्यायचा नाही. निरोप आला की मन घरी जातं आणि डोळा आगीवरून हलतो, असं ते म्हणायचे. हे कुठल्या नियमात नव्हतं. पण टोळीतल्या माणसांना ते ठाऊक होतं आणि त्यांच्या बायकांनाही.

श्यामराव रिटायर झाले तेव्हा स्टोअरवाल्याने माझा उडालेला कोपरा पाहिला. "हे आता कोणाले देऊ? घेऊन जा घरी," तो म्हणाला. घरी मी कपाटावर गेले. तिथे माझ्यावर धूळ बसली. श्यामरावांवरही बसली म्हणा ना. ते सकाळी अंगणात खुर्ची टाकायचे आणि दुपारी तीच खुर्ची सावलीत सरकवायचे.

मग एके दिवशी प्रितम आला. टोळीतले त्यांचे जुने सोबती भाऊराव खुर्सीपारला राहतात, त्यांचा हा मुलगा. इंजिनिअर झालेला. इथिओपिया नावाच्या देशात तापलेलं लोखंड लाटणारी एक छोटी रोलिंग मिल उभी करायचं काम त्याच्याकडे होतं.

"काका, भट्टी तुमच्याच भरोशावर आहे. तुम्ही पेटवून द्या, बाकी मी पाहतो. होळी झाली की जाऊ, पोळ्याच्या आधी वापस."

श्यामरावांनी कलावतीबाईंकडे पाहिलं.

"घेऊन जा यायले," त्या म्हणाल्या. "घरी बसून कुकरच्या शिट्टीलेही नावं ठेवून राहिले."

"आणि तुझं पोट? दुखते म्हणत होती ना?"

"पित्त आहे ते. त्यासाठी का कोणी घरी बसते?"

मला कपाटावरून काढलं, पुसलं. कलावतीबाईंनी पिशवी धुऊन वाळवली आणि ठेठरी-खुरमीच्या फराळाच्या डब्यासोबत मला बॅगेत ठेवलं. मित्रांनो, मी त्या दिवशी फार खूश होते.

परदेशात काम करणं म्हणजे काय, ते तिथे गेल्यावर कळलं. त्या देशाला समुद्र नाही. भट्टीच्या विटा शेजारच्या देशाच्या बंदरावर उतरल्या आणि तिथेच अडकल्या. प्रितम रोज सकाळी फोन लावायचा. पलीकडून उत्तर यायचं, "नेगे." नेगे म्हणजे उद्या. त्या भाषेतला हाच शब्द आम्हाला सगळ्यांत आधी आला. शेवटी एक पेटी आली. सगळे धावले. उघडली तर आत दुसऱ्याच कोणाच्या बाथरूमच्या फरशा.

सिमेंट आलं ते भिजून दगड झालेलं. भिलाईत पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून चहा निवायच्या आत आणला असता अशा एका बोल्टासाठी तिथे ट्रक राजधानीला पाठवावा लागे. ती दिवसभराच्या रस्त्यावर. ट्रक निघाला की कळायचं, आज कुठल्याशा संताचा सण आहे, दुकानं बंद. वीज सकाळी असायची आणि गरज पडली की जायची. जेवायला आंबट धिरड्यासारखं काहीतरी मिळायचं, श्यामराव ते वरणात बुडवून खायचे. सामान आलं तर माणसं नसायची, माणसं आली तर वीज नसायची. प्रितमचे केस तेवढ्या महिन्यांत पांढरे झाले.

गिर्मा नावाचा तिथला फोरमन श्यामरावांच्या हाताखाली होता. उंच आणि अबोल माणूस. तिथले लोक हो म्हणताना तोंडाने छोटा श्वास आत ओढतात. श्यामरावांना वाटलं याला कुठेतरी कळ येते. त्यांनी प्रितमला सांगितलं, "याले दवाखान्यात दाखव बा. काही विचारलं की कण्हून राहिला." प्रितम हसून हसून खाली बसला.

संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ लावून घरी बोलणं व्हायचं. एकदा गिर्मा शेजारी होता.

"हा कोण?" कलावतीबाईंनी विचारलं.

"गिर्मा. माझ्यासंग भट्टीवर असते."

"जेवला का, विचारा त्याले."

श्यामरावांनी हाताने घास दाखवला. गिर्माने श्वास आत ओढला.

"अहो, त्याले दमा आहे का?"

श्यामराव कितीतरी दिवसांनी हसले. गिर्माही हसला, कशासाठी ते न कळता. श्यामराव कंटाळून विटांच्या रिकाम्या जागेकडे पाहत बसले की तो जवळ येऊन म्हणायचा, "आयझोह." धीर धर, असा त्याचा अर्थ.

मी आगीची काच. माणसाचा चेहरा मला वाचता येत नाही. पण खिशातून मला ऐकू यायचं, की कलावतीबाईंचा आवाज दर वेळी थोडा पातळ होत चालला आहे.

विटा आल्या तोवर पावसाळा लागला होता. पोळा जवळ आला होता. गिर्माच्या माणसांनी श्यामरावांनी दाखवल्यासारख्या विटा लावल्या आणि भट्टी उभी राहिली. श्यामरावांनी ठरवलं होतं, मशाल प्रितमला लावू द्यायची, दोन दिवस थांबायचं आणि पोळ्याला घरी जायचं. पण भट्टी पेटवायच्या आदल्या दिवशी प्रितम हात जोडून उभा राहिला.

"काका, माझ्या हातची नको. आधीच सगळं उलटं होऊन राहिलं. बाबा सांगतात, तुमच्या हातची भट्टी कधी तडकली नाही."

श्यामरावांनी घरी फोन लावला.

"कलावती, मशाल मी लावावी म्हणते हा. लावली तं पहिला माल निघेपर्यंत येणं होत नाही. पोळा चुकंल."

"मंग? पोळा दरसाल येते. तुमाले नवी भट्टी दरसाल भेटते का?"

"तुझं पोट कसं आहे?"

"ओवा खाऊन राहिली. लावा तुम्ही. मी भट्टीवाल्याची बायको आहे, मले काय नवीन आहे?"

प्रितमने राजधानीहून नारळ आणला होता. तो फुटला. श्यामरावांनी मशाल आत सरकवली. बर्नर पेटला, भिंतींवर लाल उजेड आला, आणि त्यांनी मला डोळ्याला लावलं. त्यांच्या पापण्या माझ्यावर घासत होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत मोठं कौतुक. ते आठवलं की मला आता नकोसं होतं.

नव्या भट्टीला घाई चालत नाही. थोडं तापवायचं, थांबायचं, पुन्हा थोडं तापवायचं. मध्येच आग विझून थंड हवा आत शिरली तर विटा तडकतात आणि महिन्यांची मेहनत वाया जाते. श्यामराव भट्टीशेजारी खाटेवरच राहू लागले.

ते फोन लावायचे. कलावतीबाई मात्र फोनवर येत नव्हत्या.

"आई झोपली आहे, बाबा," नूतन म्हणायची. दुसऱ्या दिवशी, "आई देवळात गेली."

"एवढ्या दुपारी?"

नूतन म्हणाली, "नेटवर्क नाही, बाबा, ठेवते."

श्यामरावांनी भाऊरावांना फोन लावला. भाऊराव आधी पावसाबद्दल बोलले. मग त्यांचा आवाज फुटला.

"श्यामराव, माझ्याच्यानं नाही होत. वहिनी दवाखान्यात आहे. पोटात गाठ होती, ते आतून फुटलं. तू मशाल लावली त्याच दिवशी भरती केलं."

"मले कावून नाही सांगितलं?"

"वहिनीनं नूतनले अन् मले शपथ घातली. म्हणे, मशाल लावलेल्या माणसाले निरोप देत नसतात. तूच तं शिकवलं न बे आमाले सगळ्याईले."

श्यामराव फोन हातात धरून भट्टीकडे पाहत राहिले. मग ते प्रितमकडे गेले.

"माझं तिकीट काढ. आत्ता."

प्रितमचा चेहरा उतरला. "काका, पासपोर्ट राजधानीत आहे. परमिट वाढवायले सगळ्यांचे दिले ना. आणि त्यांचं नवं वर्ष लागलं. ऑफिस बंद आहे."

"मी जातो. दारात बसतो. कोणाच्याही पाया पडतो."

"अन् भट्टी?"

श्यामरावांनी मला खिशातून काढलं. ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी मला गिर्माच्या हातात ठेवलं. दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली आणि भट्टीकडे दाखवली. गिर्माने श्वास आत ओढला. "आयझोह, शाम," तो म्हणाला. श्यामराव जीपमध्ये बसून गेले. पाऊस मोठा होता.

एवढ्या वर्षांत भट्टीपुढे पहिल्यांदा दुसऱ्याचा डोळा माझ्यापाशी आला. दुपारी वीज गेली. हवेचा पंखा बंद पडला आणि आग मरू लागली. मला वाटलं, संपलं. पण गिर्मा ओरडला, त्याची माणसं धावली. त्यांनी भट्टीची तोंडं पत्र्यांनी आणि ओल्या मातीने बंद केली. कोणी जनरेटर ओढून चालू केला. आग पुन्हा धरली. गिर्माने मला लावून एकेक वीट पाहिली. एकही तडकली नव्हती. मित्रांनो, श्यामरावांना जे दिसायचं तेच गिर्माला दिसत होतं. रंग तोच, ज्योत तीच. भट्टीला हात बदललेला कळलाही नाही.

दुसऱ्या दिवशी श्यामराव परत आले. कमरेपर्यंत चिखल. वाटेतल्या पुलाआधीचा रस्ता वाहून गेला होता. त्यांनी पाण्यात उतरून पलीकडे जायचा प्रयत्न केला, गावच्या लोकांनी धरून मागे ओढलं. त्यांनी गिर्माकडून मला घेतलं, भट्टीत पाहिलं आणि मला पिशवीत घातलं. मग शेडच्या खांबाला टेकून ते सगळ्यांना एकच विचारू लागले. प्रितमला, ड्रायव्हरला, चहा देणाऱ्या बाईलाही. "दुसरा रस्ता आहे का? दुसरा रस्ता असंल ना?" त्यांची भाषा कोणाला कळत नव्हती, पण सगळे मान खाली घालत होते. प्रितमने त्यांच्यासमोर किती फोन लावले. शेवटी एक माणूस ऑफिस उघडायला तयार झाला. कधी? नेगे.

त्या उद्याची वाट पाहत असताना नूतनचा फोन आला. नुसता हुंदका आला. श्यामरावांनी विचारलं, "गेली?" आणि उत्तर न ऐकता फोन खाली ठेवला.

पुढच्या सकाळी भाऊरावांनी शिवनाथ नदीच्या काठावरून व्हिडिओ लावला. तिकडे भिलाईत पोळा होता. रस्त्यावर मातीचे बैल विकायला आले असतील. इथे नव्या वर्षाची पिवळी फुलं सगळ्या डोंगरावर फुलली होती. श्यामराव फोन गुडघ्यावर टेकवून बसले. पडद्यावर लाकडं होती, पांढरं कापड होतं, आणि हातात पेटतं लाकूड घेतलेली नूतन होती.

"बाबा," नूतन म्हणाली, "मी लावू का?"

मागे भट्टी गुरगुरत होती.

"बाबा, तुम्ही सांगा ना. मी लावू का?"

"लाव, बेटा," ते म्हणाले.

आग दिसली आणि त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. त्यांनी मला पिशवीतून बाहेर काढलं, डोळ्याजवळ आणलं. मग हात थांबला. त्यांनी मला मांडीवर पालथं ठेवलं आणि उघड्या डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात नेटवर्क गेलं. चित्र तिथेच अडकलं. पेटतं लाकूड चितेला टेकलेलं, नूतनचा चेहरा अर्धा. ते अडकलेल्या चित्राकडे किती वेळ पाहत होते, मला माहीत नाही. मी पालथी होते. माझ्या पाठीवर थेंब पडत होते एवढंच मला कळत होतं. गिर्मा त्यांच्या मागे उभा होता. या वेळी तो आयझोह म्हणाला नाही.

चार दिवसांनी पहिला लाल तुकडा भट्टीतून बाहेर आला. माणसांनी टाळ्या वाजवल्या, पोरींनी पिवळी फुलं उधळली. प्रितमने श्यामरावांना शोधलं. ते शेडच्या बाहेर पाठ करून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. पासपोर्ट त्याच दुपारी हातात आला.

कोहक्याच्या घरी आल्यावर नूतनने त्यांना पाणी दिलं. मग श्यामराव म्हणाले, "शेवटी काही बोलली का?"

नूतनला सांगायचं नव्हतं. पण तिने सांगितलं. "शुद्धीवर होती तोवर एकच विचारत होती. पहिला माल निघाला का, म्हणे. निघाला की बाबाले सांग, आता या म्हणून."

श्यामरावांनी मला पिशवीसकट हळदीच्या डब्यामागे ठेवलं. तिथे कलावतीबाई रोज हात घालायच्या. आता त्या फळीला कोणी हात लावत नाही. श्यामराव चहा करतात, पण गॅस पेटवताना तोंड दुसरीकडे फिरवतात. भाऊराव येतात, समोर बसतात, उठून जातात. परवा प्रितमचा फोन आला होता. दुसऱ्या देशात दुसरी भट्टी आहे, म्हणाला. श्यामराव त्याला म्हणाले, "गिर्माले बोलाव. त्यानं सांभाळली असती रे. सांभाळलीच ना त्यानं. मीच तिथं कावून बसलो होतो?"

मित्रांनो, मी भट्टीवाल्याची काच आहे. माझ्यातून कोणाचाही डोळा पाहू शकतो, हे मला त्या पावसात गिर्माच्या हातात कळलं. पण त्या दवाखान्यातल्या खाटेशेजारी दुसरं कोणी बसून चालणार नव्हतं, आणि तिथेच जागा रिकामी राहिली. तुम्ही मोठे होऊन दूर कामाला जाल. कोणी तुमच्या हातात मशाल देईल, कौतुक करील, म्हणेल तुझ्याशिवाय होणार नाही. तेव्हा मागे वळून पाहा, एखादा गिर्मा उभा असेल. त्याला मशाल द्या. आणि तुमच्या घरचं माणूस फोनवर पित्त आहे म्हणालं, तर त्याचं ऐकू नका. घरी या. उद्या नका येऊ. मला उद्या या शब्दाची फार भीती वाटते.